मागचे सहा महिने कुठले?

सोमवार

दसरा उलटला आणि आमची सगळ्यांची पळापळ सुरू झाली. बेसलाइन, म्हणजे कार्यक्रम सुरू होण्याआधीचं मोजमाप, दिवाळीच्या आत संपवायची आहे. दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातल्या आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी या पट्ट्यातल्या शाळांत गेलं तर हजेरीपटावर नावं असतात आणि बाकांवर मुलं नसतात. आईबापांनी ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कोयता (तोडणीची जोडी) ठरलेला असतो, पोरं त्यांच्यामागे कारखान्याला.

आज केंद्रप्रमुखांकडे पत्र द्यायला गेले. गटशिक्षणाधिकाऱ्यांची सही असलेलं पत्र दोनदा वाचून त्यांनी विचारलं, "म्हणजे मॅडम, पोरांना राग कसा येतो ते तुम्ही मोजणार?" म्हटलं, राग ओळखता येतो का, आवरता येतो का, दुसऱ्याचं ऐकता येतं का, भांडण मिटवता येतं का, हे. ते म्हणाले, "मास्तरांचं पण मोजा एकदा." यात विनोद किती आणि गंभीर किती, ते मला अजून कळलेलं नाही.

कागदावर आमचं काम सोपं दिसतं. सहावीच्या वर्गाला आठवड्याला दोन तासिका, हेच सगळं शिकवणाऱ्या. काही केंद्रांतल्या (केंद्र म्हणजे जवळपासच्या शाळांचा गट) शाळांना हे आधी मिळणार, उरलेल्यांना नंतर, आणि दोन्हींची तुलना करून फरक पडतो का ते पाहायचं. कोणाला आधी ते चिठ्ठ्यांनी ठरलं. मी समन्वयक, म्हणजे परवानग्या, संमतीपत्रं, टॅबचं चार्जिंग, प्रश्नावली भरून घेणाऱ्या फील्डवरच्या मुलामुलींचे मुक्काम आणि "सर, उद्या शाळेला सुट्टी तर नाही ना?" असे रात्रीचे फोन.

संमतीपत्रांचा घोळ सगळ्यात मोठा. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांची संमती लागतेच, शिवाय 7 ते 12 वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि त्यापुढच्याचा लेखी होकार लागतो. मुलांचा होकार पटकन मिळतो, उलट इतका पटकन मिळतो की "नाही म्हटलं तरी चालतं बरं का" हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. पालक मात्र आताच गाठायला हवेत. एकदा ते कर्नाटकात किंवा कोल्हापूरकडे गेले की मागे आजी उरते. आजी अंगठा द्यायला एका पायावर तयार असते, पण संशोधनाला मंजुरी देणाऱ्या आमच्या नीतिसमितीला ती पालक म्हणून चालत नाही.

बुधवार

आजचा दिवस लिहून ठेवायलाच हवा.

आम्ही वापरतो ती प्रश्नावली जगभर चालते. रॉबर्ट गुडमन यांनी 1997 मध्ये मांडलेली, 25 वाक्यांची. प्रत्येक वाक्यापुढे तीन चौकोन: खरं नाही, थोडं खरं, अगदी खरं. 11 वर्षांपुढचं मूल स्वतः भरू शकतं. डोकं दुखणं, पोट दुखणं, काळजी, भांडणं, मित्र, दुसऱ्याला मदत करणं असं सगळं त्यात येतं. सुरुवातीलाच सूचना असते: मागच्या सहा महिन्यांत तुझं कसं होतं ते आठवून उत्तर दे.

वर्गात पंखा बंद, खिचडीचा वास सुटलेला, मुलं वाकून खुणा करत होती. खिडकीजवळची एक मुलगी पेन्सिलीचं टोक दाताखाली धरून बसून होती. एकही खूण नाही. मी शेजारी जाऊन बसले. म्हणाली, "बाई, मागले सहा महिने म्हंजी घरचे का कारखान्याचे?"

मी तिलाच विचारलं, दोन्हींत फरक आहे का? तिने माझ्याकडे असं पाहिलं की प्रश्नच मागे घ्यावासा वाटला. मग तिने कागदावर बोट ठेवून एकेक वाक्य सांगितलं. काळजी वाटते ना, तिथे कारखान्यावर वाटते, कारण धाकटा भाऊ कोपीत (झोपडीत) असतो आणि आई उसाच्या फडात. इथे आजी असते. मित्रमैत्रिणी इथे आहेत, तिथे नाहीत. डोकं तिथे दुखतं. मदत तर दोन्हीकडे करते.

म्हटलं, आता ऑक्टोबर आहे, तर एप्रिलपासून धर. तिने बोटांवर मोजलं, "मग घरचे," म्हणाली आणि भराभरा खुणा केल्या. तिच्या कागदावर काळजीपुढे "खरं नाही".

येताना गाडीत मी गप्प होते. आमचं ठरलेलं वेळापत्रक असं: ऑक्टोबरात बेसलाइन, दिवाळीनंतर तासिका, मार्चअखेर एंडलाइन, म्हणजे शेवटचं मोजमाप. नीतिसमितीची आणि शाळांची परवानगी सप्टेंबरात आली, म्हणून हे असं बसलं. या मुलीचं काय होणार? बेसलाइनला ती आहे, घरच्या सहा महिन्यांचं सांगून बसली आहे. एकाही तासिकेला ती नसेल. एंडलाइनला बहुधा नसेल, आणि लवकर परतलीच तर तिचे मागचे सहा महिने कारखान्याचे असतील. म्हणजे तिची काळजी वाढलेली दिसेल, आणि त्याचा आमच्या कार्यक्रमाशी काडीचा संबंध नसेल.

शुक्रवार

निधी देणाऱ्यांबरोबर व्हिडिओ कॉल. तिकडून पुन्हा तो 11 चा आकडा आला. 2011 मधलं अमेरिकेतलं मोठं विश्लेषण, 213 कार्यक्रम, 2,70,034 मुलं: असे कार्यक्रम झालेलं सरासरी मूल अभ्यासात शंभरांमध्ये खालून 50 व्या जागेवरून 61 व्या जागेवर जातं. आकडा खोटा नाही. पण तो प्रत्येक सादरीकरणात पहिल्या स्लाइडवर येतो आणि दुसऱ्या स्लाइडवर ब्रिटनमधला 2022 चा निकाल कधीच येत नाही. तिथे 80 हून अधिक शाळांत, 8,000 हून जास्त मुलांवर सजगतेचे (माइंडफुलनेसचे) धडे तपासले आणि नेहमीच्या तासांपेक्षा वेगळा फायदा दिसला नाही. घरी सराव करायला सांगितला होता, बहुतेक मुलांनी तो केलाच नाही. सहावी-सातवीतलं कुठलं मूल करतं?

माझ्या मते आपल्याला सगळ्यात जवळचा अभ्यास बिहारचा आहे. गोव्याच्या संगाथ संस्थेने नालंदा जिल्ह्यात 74 शाळांत केला, 2018 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. काही शाळांत शिक्षकांनीच कार्यक्रम चालवला, काहींत थोडं प्रशिक्षण घेतलेल्या, मानसतज्ज्ञ नसलेल्या समुपदेशकांनी. समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारलं, दादागिरी आणि नैराश्याची लक्षणं कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत काहीच फरक नाही. अमेरिकेतल्या विश्लेषणात मात्र वर्गशिक्षकांनी चालवलेले कार्यक्रमही चांगले चालले होते.

मला बिहारच्या निकालाचं नवल वाटत नाही. मतदार याद्या, सर्वेक्षणं, पोर्टलवरची माहिती आणि वर दोन वर्ग एकत्र, एवढं सांभाळणाऱ्या गुरुजींना आम्ही म्हणणार, आता जरा मुलांच्या मनाकडेही बघा. ते बघतातही, पण तासिकेत नव्हे. शिवाय ज्याने सकाळी कान पिळला त्याच्यापाशी दुपारी मन कसं मोकळं करायचं? पण समुपदेशक नेमायचे तर प्रकल्प संपल्यावर पगार कोण देणार, हाही प्रश्न खराच. कॉलवर तो कोणी काढला नाही. मी काढला, तर "चांगला मुद्दा" म्हणून पुढे गेले.

शनिवार

सकाळची शाळा. नंतरच्या गटातली एक शाळा पाहून आले, म्हणजे तिथे आमचं काहीही इतक्यात पोचायला नको. भिंतीवर रंगीत चेहऱ्यांचा तक्ता: आज मला कसं वाटतंय. आमचाच! मागच्या शिक्षण परिषदेत (शिक्षकांच्या बैठकीत) एका बाईंनी दुसऱ्यांना दाखवला म्हणे. चिठ्ठ्या शाळांच्या न टाकता केंद्रांच्या टाकल्या त्या असं पसरू नये यासाठीच, तरी तक्ता ओढ्यापलीकडच्या केंद्रात पोचला. संख्याशास्त्रज्ञ ऐकून वैतागतील. मी काय बोलणार? बाई मुलांना रोज विचारतात, कसं वाटतंय. काढा तो तक्ता, असं सांगायची माझी हिंमत नाही. नोंद केली.

मुख्याध्यापक म्हणाले, हे आमच्याकडे नवं नाही, मूल्यवर्धन झालंय. तेही खरं. 2009 पासून बीडच्या सुमारे 500 जिल्हा परिषद शाळांत तो मूल्यशिक्षणाचा कार्यक्रम चालला, मग राज्यभर गेला. गोल बसणं, जोडीत बोलणं गुरुजींच्या अंगवळणी पडलेलं आहे. आमचा 'काहीच न मिळालेला' गट कोरी पाटी नाही, हे अहवालात लिहावं लागेल.

रविवार

रात्री मेल लिहिला, निधीवाल्यांना आणि संख्याशास्त्रज्ञांना. मागणी एकच: तासिका दिवाळीनंतर नको, जूनमध्ये शाळा उघडल्यावर सुरू करू. जून ते दिवाळी सगळी मुलं गावात असतात. एंडलाइन पुढच्या ऑक्टोबरात. आज भरलेले सहा महिने घरचे, तेव्हाचेही घरचे. सहावीची मुलं तेव्हा त्याच शाळेत सातवीत असतील, म्हणून आत्ताची मेहनत वाया जात नाही. मधल्या काळात आमच्या फील्डच्या टीमला घरी न बसवता, विद्यार्थी कुठे आहेत ते पाहायला पाठवू: साखरशाळेत (कारखान्यावरच्या शाळेत), हंगामी वसतिगृहात, आजीकडे की फडावर. मुकादमांचे फोन नंबर संमतीपत्रासोबतच घेतले तर शोधणं जमेल.

यात नुकसान आहे. अहवाल जवळपास वर्षभर लांबेल, तेवढे पगार वाढतील. आणि नंतरच्या गटातला हा वर्ग ऑक्टोबरपर्यंत थांबेल. त्यानंतर त्यांच्यातली ऊसतोडीची मुलं निघून जातील, म्हणजे त्यांना काहीच मिळणार नाही. त्यांच्यासाठी मापन झाल्यावर दिवाळीआधी थोड्या तासिका घेता येतील, पण ती मलमपट्टीच.

संख्याशास्त्रज्ञांचा लगेच उलट प्रश्न: ऊसतोडीची मुलं वगळून विश्लेषण केलं तर? दोन्ही गटांत ती सारखीच विखुरलेली आहेत, तुलना बिघडणार नाही. तुलनेपुरतं त्यांचं बरोबर आहे. पण मग अहवालाच्या मुखपृष्ठावरून 'बीड' काढा, असं कळवलं.

निधीवाल्यांचं उत्तर अजून नाही. उद्या वडवणीच्या दोन शाळा आहेत, टॅब चार्जिंगला लावलेत. फॉर्मच्या पहिल्या पानावर आमच्याकडून एक ओळ वाढवली आहे: मागचे सहा महिने तू कुठे राहत होतास किंवा राहत होतीस? नीतिसमितीला दुरुस्तीचा अर्ज गेलाय, मंजुरी येईपर्यंत ती ओळ झाकूनच ठेवायची.