मिलिअँप भरलेले, तरी राख चिमणीबाहेर

चिक्कोडी तालुक्यातील एका साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पात ईएसपीचे, म्हणजे धुरातील राखेच्या कणांना विद्युतभार देऊन ते प्लेटवर धरणाऱ्या यंत्रणेचे, नियंत्रण स्वयंचलित करण्याचे काम आमच्याकडे होते. गळीत हंगामात बॉयलरमध्ये बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जळत होता, तोवर काहीच अडले नाही. हंगाम आटोपून बॉयलर देशी कोळशावर गेला आणि थोड्याच दिवसांत शेजारच्या गावातील मंडळी गेटवर आली. घरांच्या गच्च्यांवर वाळत घातलेल्या संकेश्वरी मिरच्यांवर राख बसत होती. वर्षाच्या चटणीचा प्रश्न असल्याने त्यांचा राग रास्तच होता. त्याच दिवशी मला बेळगावहून बोलावून घेण्यात आले.

पॅनेल रूममध्ये पाळीवर असलेल्या तात्यांनी मला विचारले, "साहेब, मिलिअँप तर फुल्ल हाईत, स्पार्क बी न्हाई, मग राख जातीया कुठनं?" प्रश्न नेमका होता. कंट्रोलरला आज्ञा एवढीच होती की स्पार्क होईपर्यंत किंवा मर्यादा गाठेपर्यंत प्रवाह, म्हणजेच मिलिअँप, वाढवत न्यावा, आणि तो ती इमानाने पाळत होता. मात्र त्याच पॅनेलवर किलोव्होल्टचा आकडा हंगामातल्यापेक्षा बराच खाली आला होता, आणि त्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते.

आम्ही पहिल्या फील्डचा, म्हणजे ईएसपीच्या पहिल्या कप्प्याचा, प्रवाह शून्यापासून टप्प्याटप्प्याने वाढवत प्रत्येक टप्प्यावरचे व्होल्टेज लिहून काढले. काही अंतरापर्यंत दोन्ही बरोबरीने चढले. पुढे प्रवाह वाढत गेला आणि व्होल्टेज उलट उतरू लागले. बॅक कोरोनाची ही ठरलेली खूण आहे. देशी कोळशात गंधक कमी असते, राखेत सिलिका आणि अ‍ॅल्युमिना भरपूर असते, आणि 150 अंश सेल्सिअसच्या आसपास अशा राखेचा विद्युतरोध सर्वाधिक असतो. प्लेटवर बसलेल्या थरातून विद्युतभार जमिनीकडे निचरत नाही, तो थरातच साठतो, अखेर थराच्या छिद्रांतील वायू फुटून धन आयन उलट दिशेने सुटतात आणि येणाऱ्या कणांवरचा ऋण भार पुसून टाकतात. वीज खर्च होते, कण मात्र धरले जात नाहीत. बगॅसच्या राखेत न जळलेला कार्बन असल्यामुळे ती वीज सहज वाहू देते, म्हणून हंगामात हा दोष दिसण्याचे कारणच नव्हते.

उपाय वीज कमी करण्याचा होता, आणि तो व्यवस्थापनाला पटवणे हेच त्या दिवसाचे अवघड काम ठरले. आम्ही इंटरमिटंट चार्जिंग लावले: 50 हर्ट्झच्या पुरवठ्यातील एक अर्धचक्र सोडायचे आणि पुढची काही रोखायची, म्हणजे मधल्या वेळात थराला भार सोडून देण्यास अवकाश मिळतो. हे प्रमाण तीनात एक, पाचात एक असे विषमच ठेवावे लागते. सम ठेवल्यास प्रत्येक वेळी एकाच दिशेचे अर्धचक्र ट्रान्सफॉर्मरला मिळून त्याचा गाभा संपृक्त होतो. संध्याकाळपर्यंत चिमणीवरच्या धूलिमापकाचा आकडा ठळकपणे उतरला होता, आणि मिलिअँपचा काटा निम्म्याच्याही खाली होता. तात्यांना ते काही केल्या रुचेना.

खरे स्वयंचलन त्यानंतर लिहिले गेले. धूलिमापकाचा संकेत सरळ कंट्रोलरला जोडावा, असा कारखान्याचा आग्रह होता, पण रॅपिंगचे, म्हणजे प्लेटवरची राख झाडणारे, हातोडे पडले की राखेचा लोट उठून तो आकडा क्षणभर उसळतो, आणि कंट्रोलर भलत्याच कारणासाठी धावतो. म्हणून रॅपिंगच्या वेळचे आकडे वगळून उरलेल्यांची सरासरीच त्याला दिली. इंधन निवडण्याचा स्विचही आम्ही ठेवला नाही. हंगामाच्या शेवटी बगॅस आणि कोळसा एकत्र जळतात, तेव्हा तो स्विच कुठे ठेवायचा हे पाळीवरचा माणूस सांगू शकत नाही. त्याऐवजी कंट्रोलर ठरावीक अंतराने प्रत्येक फील्डचा प्रवाह-व्होल्टेजचा तोच आलेख स्वतः काढतो, आणि व्होल्टेज जिथे वळते त्याच्या थोडे अलीकडे थांबतो.