सावली, संक्रांत आणि पत्रिका

१० मेच्या दुपारी साधारण साडेबाराला साताऱ्यात सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. सांगली थोडी दक्षिणेला, तिथं हेच ७ मेला होतं. हे विधान कुणालाही घरच्या गच्चीवर तपासता येतं आणि खोटं ठरलं तर माघार घ्यावी लागते.

तपासताना मात्र घाई चालत नाही. एक मीटरची काठी ओळंब्यानं उभी करा. ती एक अंश जरी कलली तरी सावली पावणेदोन सेंटीमीटरनं चुकते. दुसरी अडचण सूर्याचीच. तो ठिपका नाही, अर्धा अंश रुंद तबकडी आहे, त्यामुळे सावलीची कड सुमारे ९ मिलिमीटर धूसर पडते. आणि सूर्य त्या दिवसांत रोज पाव अंशाच्या किंचित वर सरकतो, म्हणजे सावलीत रोजचा फरक ५ मिलिमीटरसुद्धा नाही. मग ९ मे, १० मे की ११ मे हे नुसतं बघून कळणारच नाही. उपाय असा: आठवडाभर आधीपासून आठवडाभर नंतरपर्यंत मध्यान्हीला सावलीचं टोक खडूनं खुणावत जा. आधी ते उत्तरेला असतं, नंतर दक्षिणेला जातं. खुणांचा आलेख शून्याला कुठे छेदतो ते पाहिलं की दिवस सापडतो. ऑगस्टच्या सुरुवातीला दुसरी संधी असते, पण साताऱ्याच्या पावसात ती धरूच नका.

संक्रांतीचं प्रकरण वेगळं. तिळगूळ देताना आपण उत्तरायण लागलं म्हणतो, पण सूर्य उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरलाच. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डोलतो, त्यामुळे हे वळणं आणि ताऱ्यांवरून धरलेली संक्रांत यांत सुमारे ७२ वर्षांत एक अंशाचा फरक पडतो. तो साचून आज वीस-चोवीस अंशांवर गेला आहे. इथवर मोजमाप. पण दाते पंचांगात संक्रांत १४-१५ जानेवारीला आणि टिळक पंचांगात १० जानेवारीच्या सुमारास, यातलं खरं कोणतं? याचं उत्तर कुठलीही दुर्बीण देणार नाही. राशिचक्राची सुरुवात दाते पंचांगासारखी चित्रा ताऱ्यासमोरच्या बिंदूपासून धरायची की टिळक पंचांगासारखी रेवतीतल्या एका अंधुक ताऱ्यापासून, हा ठरवण्याचा प्रश्न आहे. त्यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झाली, आणि दोन्ही पक्षांचं गणित आपापल्या जागी बरोबरच होतं.

पत्रिका मात्र या सवलतीत बसत नाही. जन्मवेळेवरून मुलाची बुद्धी सांगता येते, हा मोजता येणारा दावा आहे. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर आणि साताऱ्याचे नरेंद्र दाभोलकर यांनी सहकाऱ्यांसह २००८ मध्ये तो तपासला. हुशार आणि मतिमंद मुलांच्या मिळून ४० पत्रिका प्रत्येक ज्योतिषाला दिल्या, कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं आणि यशाची अट आधीच ठेवली: किमान २८ बरोबर. नाणं उडवून २८ गाठण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी, म्हणून ती अट. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सर्वाधिक २४, सरासरी १७ च्या आसपास. नाणं उडवलं असतं तर २० आली असती. मला यातली खरी शहाणपणाची गोष्ट वाटते ती २८ हा आकडा उत्तरं येण्यापूर्वी कागदावर असणं. नंतर ठरवला असता तर २४ वाल्याचा सत्कार झाला असता!

शिजवलेलं अन्न ग्रहणात बिघडतं, हाही असाच दावा. २ ऑगस्ट २०२७ ला आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे. एकाच पातेल्यातली भाजी दोन सारख्या डब्यांत घाला, एक ग्रहणाच्या वेळात बाहेर ठेवा, दुसरा दुसऱ्या दिवशी तेवढाच वेळ, तशाच उकाड्यात; बाकीचा वेळ दोन्ही डबे फ्रीजमध्ये, आणि शेवटी दोन्ही एकदमच उघडा. बघणाऱ्याला कोणता डबा कोणता ते सांगू नका. ग्रहणानंतर आंघोळ करायची की नाही, यात मात्र तपासण्यासारखं काही नाही. आजी करते, तिला करू द्या. गर्भवतीला दिवसभर उपाशी ठेवणं तेवढं मी अडवीन, कारण तिथं बाळाच्या पोटाचा प्रश्न येतो.

ग्रहण बघायला एक्स-रेची फिल्म किंवा काजळी धरलेली काच वापरू नका. पुठ्ठ्याला टाचणीनं भोक पाडा आणि मीटरभर मागं पांढरा कागद धरा. कागदावर ९ मिलिमीटरचा सूर्य उमटेल, कडेला चावा घेतलेला.