सातवा आठवडा आणि सी-आर्म

मी अ‍ॅनेस्थेटिस्ट आहे, म्हणजे भूल देणारी डॉक्टर. पहिल्या गरोदरपणात सातवा आठवडा चालू असताना ऑर्थोच्या म्हणजे हाडांच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) होते, फ्रॅक्चरची केस, सी-आर्म (ऑपरेशन चालू असतानाच एक्स-रे दाखवणारं मशीन) चालू, आणि नवरा सोडून ही बातमी कोणालाच माहीत नव्हती. शूट म्हटलं की मी दोन पावलं मागे सरकायचे, कारण अंतर दुप्पट केलं की डोस एक चतुर्थांश होतो हे पाठ होतं, पण पेशंट झोपलेला आणि त्याचा श्वास माझ्या हातात, ओटी सोडून जाणार कुठे! आणि एक गोष्ट तेव्हाच पहिल्यांदा डोक्यात आली. आमच्या तिथले लेड अ‍ॅप्रन फक्त पुढून झाकणारे होते आणि आम्ही भूलवाले अर्धा वेळ पाठ फिरवून ट्रॉलीवर औषधं भरत असतो. म्हणजे शिसं ट्रॉलीकडे आणि पाठ मशीनकडे. सर्जनला हा प्रॉब्लेम फारसा नाही, तो समोरच बघत असतो.

आता खरं सांगायचं तर रेडिएशनला मी जितकी घाबरले तितकं कारण नव्हतं. अ‍ॅप्रन नीट असेल, पूर्ण गुंडाळणारा मिळाला, अंतर ठेवलं तर पोटापर्यंत पोचणारा डोस फार कमी असतो. आंतरराष्ट्रीय शिफारस अशी आहे की प्रेग्नन्सी जाहीर केल्यापासून पुढे बाळाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा (हे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) जास्त जाऊ नये (एरवी कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २०). अ‍ॅप्रनच्या आत पोटावर लावायला डोस मोजणारा वेगळा बॅज मिळतो, ऑपरेशनची लिस्ट बदलून मिळते, सगळं मिळतं.

पण "जाहीर केल्यापासून". गोची इथेच आहे.

बाळाची न्यूरल ट्यूब (जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात ती नळी) गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होते, पाळीच्या हिशोबाने सहावा आठवडा. लागोपाठ नाइट्या करणाऱ्या बाईला पाळी आठवडाभर लांबली तर नाइटमुळे असेल असंच वाटतं, मलाही तसंच वाटलेलं. कळतं तोपर्यंत महत्त्वाचं बरंच घडून गेलेलं असतं आणि कळल्यावर आपण परत गप्प बसतो. मी तेराव्या आठवड्यापर्यंत गप्प होते. का तर गर्भ पडला तर परत सगळ्यांना सांगत बसायचं, आणि माझ्या नाइट्या ज्याच्या गळ्यात पडणार त्याचा चेहरा डोळ्यासमोर यायचा. मी स्वतः आधी दुसऱ्या एका गरोदर सहकारी बाईबद्दल तसा चेहरा केला होता, खोटं कशाला बोलू.

भुलीच्या गॅसचं पण असंच. लहान मुलांना मास्कवर भूल देताना मूल हातपाय झाडतं, मास्क सैल बसतो आणि जे त्याच्या नाकात जायचं ते थोडं आपल्याही नाकात जातं. त्यातला एक वायू, नायट्रस ऑक्साइड, शरीरातलं बी-१२ जीवनसत्त्व निकामी करतो. कामाच्या जागची सुरक्षितता बघणाऱ्या अमेरिकेतल्या नायोश या संस्थेची शिफारस ओटीच्या हवेत नायट्रस २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) आत असावं अशी आहे आणि बाकीचे भुलीचे वायू २ पीपीएमच्या आत. त्या बाकीच्या वायूंचा वास यायला लागला म्हणजे ही मर्यादा कधीच ओलांडलेली असते, त्यामुळे "वास येत नाहीये, ठीक आहे" याला काही अर्थ नाही. उरलेला गॅस ओटीबाहेर नेणारा स्कॅव्हेंजिंगचा पाइप खरंच जोडलाय का बघा. मी एकदा वाकून बघितलं तर तो नुसताच जमिनीवर पडलेला होता.

इन्फेक्शनबद्दल एकच सांगते, प्लॅनिंग करत असाल तर आधी रुबेला आणि कांजण्यांची इम्युनिटी तपासा. दोन्ही लशी जिवंत विषाणूच्या, गरोदरपणात देत नाहीत आणि घेतल्यावर महिनाभर थांबावं लागतं. कांजण्यांचा पेशंट पुरळ यायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरवत असतो, त्यामुळे "मी अशा पेशंटपासून लांब राहीन" हे जमत नाही. सीएमव्ही या विषाणूला तर वापरात लसच नाही, लहान मुलांची लाळ-लघवी हाताळली की हात धुवायचे, बस.

आणि ज्याला ना बॅज आहे ना पाटी, ते म्हणजे नाइट आणि उभं राहणं. २०१९ चा डेन्मार्कमधला अभ्यास आहे, २२ हजारांवर गरोदर कर्मचारी, त्यातल्या बऱ्याच हॉस्पिटलमधल्याच. आठव्या आठवड्यानंतर एका आठवड्यात दोन किंवा जास्त नाइट केल्या तर पुढच्या आठवड्यात गर्भपाताची शक्यता ३२ टक्क्यांनी जास्त दिसली. (म्हणजे शंभरातल्या ३२ जणींना होतो असं नाही, मूळ शक्यतेच्या वर ३२ टक्के. माझ्या नवऱ्याने हे तीनदा समजावून घेतलं.) २०२१ मध्ये अमेरिकेतल्या ६९२ महिला सर्जननी जी माहिती दिली त्यात ४२ टक्के जणींचा किमान एकदा गर्भ गेलेला होता, आणि शेवटच्या तिमाहीत आठवड्याला १२ तास किंवा जास्त ऑपरेट करणाऱ्यांमध्ये मोठी कॉम्प्लिकेशन्स जास्त होती. हे वाचलं तेव्हा मला माझ्या लघवी दाबून धरलेल्या केसेस आठवल्या. चार-चार तास पाणी प्यायचं नाही कारण मग जावं लागतं, आणि शेवटी युरिन इन्फेक्शन. पेशंटला मात्र आपण "भरपूर पाणी प्या हं" सांगतो.

तेराव्या आठवड्यात सांगितलं तेव्हा एचओडी (आमचे विभागप्रमुख) म्हणाले, "अगं आधी नाही का सांगायचंस!" आणि महिन्याचं रोस्टर आधीच लागलंय म्हणून नाइट्या तशाच राहिल्या.

दुसऱ्या वेळेला सहाव्या आठवड्यातच सांगितलं, पण एचओडींना नाही, ओटीच्या इन्चार्ज सिस्टरना. त्या फक्त "बरं मॅडम" म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून सी-आर्मच्या लिस्टवर माझं नाव येईना, मुलांच्या केसेसना कोणीतरी दुसरं उभं, आणि मधेच दार उघडून "मॅडम, तुम्ही जरा बाहेर जाऊन या, मी सरांना बोलवलंय." कुठे कागद नाही की मेल नाही. नंतर कळलं की माझ्याआधी तीन जणींनी असंच त्यांच्याच कानात सांगितलं होतं. पुढच्या वर्षी सिस्टर रिटायर झाल्या आणि त्यांच्या जागी नवीन आल्या, त्यांना यातलं कोणी काहीच सांगून ठेवलेलं नव्हतं.