दाइशोतेनचा पट: २०२३ चा सांधा

तोक्योतल्या दाइशोतेन या घोड्यांच्या शर्यतीत जिंकणाऱ्यांच्या वेळांचा आलेख, म्हणजे माझा 'पट', मी हाताने काढतेय. परवा रात्री त्याचं उजवं टोक, म्हणजे २०१८ पासून पुढचं सगळं, तिसऱ्यांदा खोडलं. तिथला कागद आता इतका झिजलाय की दिव्यासमोर धरला तर मागची बोटं दिसतात.

डावी बाजू मात्र पुरी झाली. १९५५ ला ओइच्या मैदानावर 'आकी नो कुरा', म्हणजे शरदातलं खोगीर, या नावाने सुरू झालेली शर्यत १९६४ ला 'तोक्यो दाइशोतेन' झाली. (मला अजूनही पहिलंच नाव आवडतं.) १९८८ ला ३००० मीटर, १९८९ पासून २८००, १९९८ पासून २०००: या सगळ्या वेळा एकाच रेषेत ओवायचा हट्ट सोडला आणि अंतराप्रमाणे तुकडे पाडले, तेव्हा कुठे काम पुढे सरकलं. ३००० च्या तुकड्यातला शेवटचा ठिपका इनारी वनचा, १९८८ चा. ओइसारख्या स्थानिक मैदानांच्या घोड्यांची लाल शाई तिथे भरताना हात जरा रेंगाळलाच. ओइचा हा घोडा त्यानंतर जेआरएकडे, म्हणजे जपानच्या राष्ट्रीय शर्यत संस्थेकडे, गेला आणि १९८९ या एकाच वर्षात वसंतातली तेन्नो शो, ताकाराझुका किनेन आणि आरिमा किनेन, तिन्ही गवतावर जिंकला.

कागदाबद्दल एक सांगते. आलेखकागदाची लांब गुंडाळी मागवू नका. माझ्या गुंडाळीत दहा सेंटीमीटरला जवळजवळ दोन मिलिमीटर फरक निघाला आणि विकणाऱ्याने ती परत घेतली नाही. सुटे ए-थ्री घ्या, मागून कापडी टेप लावा.

आता मूळ दुखणं. १९९८ नंतरचा तुकडा सोपा जाईल असं वाटलं होतं; मैदान तेच, अंतर तेच. पण २०१० ला स्मार्ट फाल्कनची वेळ २:००.४ आणि २०२३ ला उश्बा तेसोरोची २:०७.३. जवळपास सात सेकंद! हा फरक घोड्यांचा की जमिनीचा? आपण 'डर्ट' म्हणतो, पण जपानात ती कडक थरावर पसरलेली वाळू असते. पाऊस झाला की दबून बसते, पाय कमी रुततो, वेळ सुधारते. त्यात ओइने २०२३ मध्ये जुनी वाळू काढून ऑस्ट्रेलियाची पांढरी वाळू टाकली. ज्या पट्टीने मोजायचं तीच मध्ये बदलली.

तोडगा तेइओ शोमुळे सापडला. तीही ओइवरच, तीही २००० मीटर, फक्त जूनच्या अखेरीस. एकाच वर्षी दोन्ही जिंकणारा घोडा मिळाला, तर घोडा कायम धरून जमीन मोजता येते. अशा वर्षांना मी 'जोडवर्षं' म्हणते: १९९८ अबुकुमा पोरो, २००० फास्ट फ्रेंड (ही घोडी!), २०११ स्मार्ट फाल्कन, २०१३ होक्को तारुमाए, २०१९ ओमेगा परफ्यूम. स्मार्ट फाल्कनच्या २०११ च्या वेळा शेजारी मांडल्या: जूनमध्ये २:०१.१, डिसेंबरमध्ये २:०१.८. सहा महिन्यांत अवघे सात दशांश! त्या रात्री झोप लागली नाही. ओमेगा परफ्यूम तर २०१८ ते २०२१ सलग चार वेळा दाइशोतेन जिंकलेला करडा घोडा. त्याचे चार ठिपके म्हणजे जुन्या वाळूचे चार भक्कम खुंट.

पण नव्या वाळूवरचं जोडवर्ष एकही नाही. म्हणून ते टोक खोडलं.

आणि आत्ता हे लिहिता लिहिता डोक्यात आलं: उश्बा तेसोरो २०२२ लाही जिंकलाय! जुन्या वाळूवर २:०५.०, नव्यावर २:०७.३. घोडा तोच, तारीखही तीच, २९ डिसेंबर. म्हणजे जून-डिसेंबरच्या जोड्या बाजूला ठेवून आता वाळूच्या अलीकडची-पलीकडची जोडी घ्यायची. सगळे २.३ सेकंद वाळूच्या नावावर लगेच टाकणार नाही. जॉकी वेगळा होता, आणि २०२३ ला विल्सन तेसोरो हा दुसराच घोडा पुढे राहून धावला, मागच्यांची गती त्याने ठरवली. तेव्हा एकूण वेळेऐवजी दोन्ही वर्षांचे शेवटचे तीन फर्लांग (सुमारे ६०० मीटर) वेगळे काढून बघते. २०२४ चा विजेता फॉरएव्हर यंग, त्याचा ठिपका तोवर पेन्सिलीतच राहील.

झिजलेल्या जागी आज ट्रेसिंग पेपरचं ठिगळ लावलंय. खळ वाळली की उद्या आखायला घेते.