आंबा घाट, आमची ४०७ आणि हवेची नळी

आमच्या घरची टाटा ४०७ जुनी आहे, टर्बो नसलेल्या ४९७ इंजिनाची. चार सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, म्हणून ४९७. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, १०० मिलिमीटर, त्यामुळे घनफळ २,९५६ सीसी. ही गाडी कोल्हापुरातून गूळ घेऊन रत्नागिरीला उतरते आणि परत येताना जांभ्याचे चिरे, हंगामात आंब्याच्या पेट्या भरून आंबा घाट चढते. म्हणजे खरी ओढ येतानाच असते, कारण साखरप्याकडून वर येणारा चढ भरलेल्या गाडीला दुसऱ्या गिअरच्या पुढे जाऊ देत नाही. गेल्या एप्रिलमध्ये धाकटा भाऊ चिऱ्यांची फेरी करून आला आणि म्हणाला, "दादा, घाटात गाडी काळा धूर सोडतेय आणि मागच्या वर्षासारखी ओढत नाही." डिझेल फवारणारे नोझल नुकतेच तपासून घेतले होते आणि फिल्टरही नवा होता, तेव्हा दोष हवेच्या वाटेत असावा असे मला वाटले.

गाडीखाली शिरून पाहिल्यावर कारण दिसले. आधीच्या मालकाने एअर क्लीनरकडे हवा आणणारी मूळ नळी कधीतरी काढून टाकली होती आणि तिच्या जागी तीन इंची वळ्यांचा लवचीक पाइप बसवला होता, ज्याचे तोंड रेडिएटरच्या मागे, इंजिनातला जळका धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून हातभर अंतरावर, मोकळेच लोंबत होते. रेडिएटरमधून तापून आलेली हवाच इंजिन पुन्हा ओढून घेत होते. मी मल्टिमीटरची तापमान मोजणारी तार त्या तोंडाशी बांधली आणि पुढच्या फेरीत भावाशेजारी बसून आकडे लिहून घेतले. बाहेर ३३ अंश असताना चढाच्या मध्यावर नळीत ६२ अंश होते.

याच सुमारास माझ्या मनात रॅम एअरची कल्पना घोळत होती. गाडीच्या पुढे तोंड करून नळी बसवायची, म्हणजे गाडीच्या वेगामुळे हवा आपोआप आत दाबली जाईल आणि इंजिनाला जास्त हवा मिळेल, ही ती कल्पना. कावासाकीने १९९० मध्ये झेडएक्स-११ या मोटारसायकलला अशी रचना दिली होती. पण पत्रा कापण्याआधी हिशेब करावा म्हणून मी वही घेतली आणि त्या हिशेबाने सगळ्या कामाची दिशा बदलली.

वेगामुळे मिळणारा दाब हा हवेची घनता आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मा असतो. येथे वर्ग महत्त्वाचा आहे, कारण वेग निम्मा झाला की दाब चौथ्या हिश्श्यावर येतो. कोल्हापूरच्या उंचीवर हवेची घनता घनमीटरला सुमारे १.१ किलो धरली, तर ताशी ६० किलोमीटरला हा दाब १५३ पास्कल येतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या ०.१६ टक्के, किंवा पाण्याच्या नळीत मोजला तर जेमतेम साडेपंधरा मिलिमीटर. ताशी २८० किलोमीटरने धावणाऱ्या मोटारसायकलला तोच दाब साडेतीन टक्क्यांच्या आसपास मिळतो, म्हणून तिच्यासाठी तो हिशेबात धरण्याजोगा आहे. आमची गाडी मात्र हवेसाठी तडफडते ती घाटात, ताशी २० किलोमीटरला, आणि तेथे हा दाब पावणेदोन मिलिमीटर पाण्याइतका उरतो. शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहा: कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच असल्यामुळे येथे हवेचा दाबच रत्नागिरीपेक्षा सहा टक्क्यांनी कमी असतो. केवळ घाट चढल्याने इंजिन जेवढी हवा गमावते, त्याच्या शतांशानेही भरपाई पुढे तोंड केलेली नळी त्या वेगाला करू शकत नाही.

तापमानाचा हिशेब मात्र वेगळे सांगत होता. दाब तोच असेल तर हवेची घनता निरपेक्ष तापमानाच्या, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून येणाऱ्या केल्विनच्या, व्यस्त प्रमाणात बदलते. बाहेरची ३३ अंशांची हवा नव्या नळीतून येताना ३७ होईल असे धरले. ६२ अंश म्हणजे ३३५ केल्विन आणि ३७ अंश म्हणजे ३१० केल्विन. या दोहोंच्या भागाकारातून आठ टक्के जास्त हवा निघते, आणि तीही गाडी उभी असो वा चालती असो. त्यामुळे मी नळीचे तोंड पुढेच ठेवायचे ठरवले, पण ते थंड हवा तेथे असते म्हणून. वेगाचा दाब जो मिळेल तो मिळेल.

तिसरा हिशेब नळीच्या व्यासाचा. २,८०० फेऱ्यांना हे इंजिन सेकंदाला साधारण ५८ लिटर हवा ओढते. तीन इंची नळीत त्या हवेला सेकंदाला १३ मीटरच्या आसपास वेगाने धावावे लागते, चार इंचीमध्ये सात मीटरच्या आसपास. घर्षणाचा आणि वळणांचा तोटाही वेगाच्या वर्गानेच वाढतो, म्हणून फक्त एक इंच व्यास वाढवल्याने तो तिसऱ्या हिश्श्यावर येतो. हा लाभ घाटातल्या रॅमच्या दाबाच्या कितीतरी पट आहे, आणि घरी नळी करणाऱ्या प्रत्येकाने तोंडाच्या आकाराआधी व्यासाकडे आणि वळणांच्या संख्येकडे पाहावे असे मला मनापासून वाटते.

पहिला प्रयत्न चुकला. मी घाईने चार इंची पीव्हीसी पाइप आणि एक बेंड आणला, डावीकडच्या दिव्याच्या मागून तो आत नेला आणि क्लिपांनी आवळून टाकला. दोन फेऱ्या नीट झाल्या. तिसऱ्या फेरीनंतर पाहिले तेव्हा मॅनिफोल्डजवळचा बेंड मऊ होऊन एका बाजूने चपटा झाला होता. पीव्हीसी ७५ ते ८० अंशांच्या आसपास नरम पडते हे मला ठाऊक होते, पण गाडी घाट चढून उभी राहिल्यावर, पंखा थांबल्यावर, इंजिनाभोवतीची हवा त्याहून वर जाते हे मी लक्षात घेतले नव्हते.

मग उद्यमनगरात पत्र्याचे काम करणाऱ्या एका मिस्त्रींकडे गेलो. ते आबांच्या ओळखीचे. त्यांनी २० गेजचा जीआय पत्रा चार इंची नळीत वळवून दिला, सांधा दुमडून ठोकला आणि नव्वद अंशाच्या एका बेंडऐवजी पंचेचाळीसचे दोन, मध्ये सरळ तुकडा ठेवून, करून दिले. मी चित्र काढून नेले होते, ते पाहून मिस्त्रींनी एकच प्रश्न विचारला, "आणि पावसाचं पाणी कुठं जाणार?"

या प्रश्नाला माझ्या चित्रात उत्तर नव्हते, आणि खरे तर हाच या कामातला सर्वांत गंभीर प्रश्न आहे. डिझेल इंजिनात पिस्टन वर येतो तेव्हा हवेचे घनफळ सतरा-अठरा पटींनी कमी होते. हवा दबते, पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये ग्लासभर पाणी शिरले तर पिस्टन वर येता येता अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. जून ते सप्टेंबरमध्ये आंबा घाटात पाऊस समोरून झोडपतो, आणि पुढच्या ट्रकच्या चाकांनी उडवलेले चिखलपाणी जाळीवर आदळत असते. सरळ पुढे तोंड केलेली नळी हे सगळे गोळा करून फिल्टरवर नेऊन ओतेल.

म्हणून तोंड आणि नळी यांच्यामध्ये एक पेटी आली. पुढच्या जाळीमागे, रेडिएटरच्या बाजूला, त्याची हवा अडणार नाही अशा बेताने ती बसवली आहे: ३०० मिलिमीटर लांब, १५० रुंद, २५० उंच. हवा तिच्यात खालच्या बाजूने शिरते, आडव्या पट्टीवर आदळून वर वळते आणि नळी वरच्या बाजूने निघते. पेटी नळीपेक्षा खूप रुंद असल्याने आतून वर जाणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला जेमतेम १.३ मीटर उरतो. एक मिलिमीटरचा पावसाचा थेंब सेकंदाला चार मीटरच्या आसपास वेगाने खाली पडतो, म्हणजे ही हवा त्याला उचलून वर नेऊ शकत नाही. तो तळाशीच राहतो. तळाला ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरला असते तशी रबरी चोच लावली आहे. पाणी आणि धूळ साठली की ती दाबून रिकामी करता येते. ऊस वाहतुकीच्या दिवसांत रस्त्यावर पाचटाचे तुकडे उडत असतात, त्यांच्यासाठी तोंडावर जाळी आहे, पण ती मोठ्या छिद्रांची. बारीक जाळी चिखलाने बुजते आणि गाडीचा श्वासच अडवते.

पेटी आणि नळी चासीला बांधलेली असतात, इंजिन मात्र आपल्या रबरी पायांवर डोलत असते. हे दोन्ही पत्र्याने जोडले तर पत्रा चिरतो, म्हणून एअर क्लीनरजवळ वीतभर जाड रबरी होज मध्ये घातला आहे. तो आतून तारेचा असावा, नाहीतर गरम झाल्यावर ओढीने आत खचतो. नळीच्या पट्ट्यांखाली जुन्या ट्यूबचे तुकडे दिले आहेत.

फिल्टरच्या पुढचा, इंजिनाकडचा भाग मी जसाच्या तसा ठेवला, फक्त क्लिपा नव्या घेतल्या. तेथे बारीकशी फट राहिली तरी धूळ गाळल्याशिवाय आत जाते आणि सिलिंडरचे लायनर व पिस्टनच्या रिंगा घासून टाकते. तपासणीची रीत सोपी आहे: इंजिन चालू ठेवून पेटलेली उदबत्ती प्रत्येक सांध्याभोवती फिरवायची, धूर आत ओढला गेला तर तेथे गळती आहे. त्यानंतर पेटीचे तोंड सपाट फळीने झाकायचे. सगळे सांधे घट्ट असतील तर स्लो चालणारे इंजिन काही क्षणांत गुदमरून बंद पडते. या परीक्षेत तोंड हाताने कधीही झाकू नये.

दाब मोजायला गवंड्यांच्या लेव्हलची पारदर्शक नळी यू आकारात फळीवर बसवली आणि तिच्यात रंगीत पाणी भरले. एक टोक फिल्टरच्या अलीकडे जोडले, दुसरे मोकळे सोडले. जुन्या पाइपमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटरवर पाणी ३५ मिलिमीटर ओढले जात होते. नव्या नळीत घाट चढताना ते नऊच्या आसपास राहिले, आणि मलकापूरच्या पुढे सरळ रस्त्यावर ताशी ६० ला जवळजवळ शून्यावर आले. म्हणजे रॅमचा दाब त्या वेगाला नळीचा स्वतःचा तोटा भरून काढतो, त्याहून अधिक काही करत नाही. तापमान बाहेर ३३ असताना ३७.

धूर स्पष्टपणे कमी झाला. पण हवा आठ टक्के वाढली म्हणून ताकद आठ टक्के वाढत नाही, हे नीट समजून घ्यायला हवे. या इंजिनाचा डिझेल पंप यांत्रिक आहे. हवा किती आली हे त्याला कळत नाही, तो ठरल्याप्रमाणेच डिझेल देतो. पूर्वी जे डिझेल हवेअभावी अर्धवट जळून धूर होत होते, ते आता जळते, आणि तेवढीच ओढ परत मिळते. आता पंप थोडा वाढवून घ्या, असा सल्ला तीन जणांनी दिला. मी तो मानला नाही, कारण मग तोच धूर परत येईल आणि एक्झॉस्टची उष्णता पिस्टनला सोसावी लागेल. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीच्या कागदांवरील तपशिलाशी न जुळणारे फेरफार करू देत नाही, म्हणून बॉनेट कापून हवेची नळी शिंगासारखी वर काढण्याचा विचारही मी सोडला. मूळ नळीच्या जागी नळी आली, एवढेच काम झाले आहे.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात भाऊ धो धो पावसात घाट चढून आला. गाडी अंगणात लागताच मी खाली वाकून रबरी चोच दाबली. पेटीतून तांब्याभर गढूळ पाणी आणि मूठभर लाल माती बाहेर आली. मग एअर क्लीनरचे झाकण काढून फिल्टरच्या घड्यांवरून बोट फिरवले. तो कोरडा होता.