बिजलीचं बिट, कस्टमर केअर आणि एकोणतीसचा पाढा

कोल्हापुरात घोड्यावर बसायचं म्हटलं की लोक आधी रंकाळ्याचं नाव घेतात. चौपाटीवर एक चक्कर आणि फोटो, एवढंच हवं असेल तर ठीक आहे. मला रीतसर शिकायचं होतं, तेही चाळिशीनंतर. कसबा बावड्याच्या बाजूला एक छोटा क्लास मिळाला, फी भरली, हेल्मेट घेतलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते बिटबद्दल.

लगामाची जी लोखंडी दांडी घोड्याच्या तोंडात जाते ती बिट. माझ्या वाट्याला आलेली घोडी बिजली, मारवाडी वळणाची, कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात. तिच्या जुन्या बिटचा मधला सांधा झिजून धारदार झाला होता. सरांनी ते एका बाजूला टाकलं आणि सांगितलं, "नवं येईपर्यंत तुम्हाला लगाम नाही. स्वतःचं आणलंत तर लवकर होईल." म्हणजे बाकीचे लगाम धरून मैदानभर फिरणार आणि मी लांब दोरीला बांधलेल्या घोडीवर हात पसरून गोल गोल. मुलांच्या बॅचसमोर.

आधी गावातल्या दुकानात गेले. तिथं सगळा माल वरातीच्या घोड्यांचा. दुकानदारानं पहिलंच काटेरी बिट पुढं केलं. "ताई, ह्यानं घोडा जाग्यावर ऱ्हातोय." त्याला सांगितलं, 1965 च्या केंद्राच्या नियमांनुसार काटेरी बिट वापरायला बंदी आहे. तो म्हणाला, मग तुम्ही ऑनलाइनच बघा. बघितलं.

काय घ्यायचं हे सरांनी आधीच नीट समजावलं होतं. बिट बसतं ते पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या रिकाम्या जागेत. तिथं हाडावर नुसती पातळ कातडी असते. मधोमध एकच सांधा असलेलं बिट ओढलं की दुमडतं. मध्ये छोटी कडी असलेलं, दोन सांध्यांचं, जिभेवर त्यापेक्षा सपाट बसतं. हनुवटीखाली साखळी असलेलं लांब दांडीचं बिट तरफेसारखं काम करतं, हातातला थोडासा जोर तोंडात कितीतरी वाढून पोचतो. ते नवशिक्याच्या हातात देऊच नये. जाड बिट म्हणजे मऊ, असं सगळे सांगतात, पण लहान तोंडात जाड दांडी घातली तर जिभेला जागाच उरत नाही. बिजलीसाठी ठरलं ते स्टेनलेस स्टीलचं, दोन सांध्यांचं, 14 मिलिमीटर जाडीचं. बाजूच्या कड्या अंडाकृती आणि दांडीला पक्क्या जोडलेल्या, म्हणजे ओठाचा कोपरा चिमटत नाही.

माप घ्यायला दोरी लागते. तिच्या तोंडातून स्वच्छ दोरी घातली, दोन्ही ओठांच्या कोपऱ्यांशी पेनानं खुणा केल्या. 117 मिलिमीटर भरलं. दोन्ही बाजूंना पाच-पाच मिलिमीटर मोकळं धरून 127, म्हणजे बरोबर पाच इंच. तेच मागवलं.

पार्सल आलं. टेप लावून बघते तर कड्यांच्या आतून आतपर्यंत 115! पाच इंच भरत होते ते कड्यांसकट, बाहेरून बाहेरपर्यंत. बिटचं माप नेहमी आतल्या बाजूनं घेतात. हे घोड्याचंच सामान विकणाऱ्याला ठाऊक नसावं?

टेपसकट फोटो पाठवला. चॅटवर उत्तर आलं, "डियर कस्टमर, कृपया प्रॉडक्ट घोड्याला लावून पाहा, फिटिंग होईल." मी म्हटलं, होणार नाही, तोंडच 117 आहे. पुन्हा तेच उत्तर. फोन लावला तर बाई अगदी गोड बोलली, "मॅडम, एक्सचेंजसाठी फिटिंगचा फोटो कंपल्सरी आहे." ठीक. तबेल्यातल्या मामांना धरलं. त्यांनी बिट अलगद तोंडात सरकवलं, मी फोटो काढला. ओठाचे कोपरे दोन्हीकडून आत दाबलेले स्पष्ट दिसत होते. मामांनी लगेच काढून घेतलं आणि बिजलीनं मान झाडली. फोटो पाठवला.

उत्तर आलं, "प्रॉडक्ट वापरलेले असल्याने एक्सचेंज होणार नाही."

मी ते ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवलं. कुणाचा विश्वास बसेना. लावल्याशिवाय फोटो नाही, फोटोशिवाय एक्सचेंज नाही, आणि लावलं की वापरलेलं! मेलवर मेल केले. प्रत्येक मेलला नवा तिकीट नंबर आणि नवा माणूस, आणि प्रत्येक नवा माणूस पहिल्यापासून विचारणार, "आपली समस्या काय आहे?" एकानं तर घोड्याचं वय विचारलं. मध्येच कुरियरचा पोरगा राजारामपुरीत घरी येऊन पिकअप आहे म्हणाला, आणि मी पुडा बांधेपर्यंत त्याच्या मोबाइलवर पिकअप रद्द. तो तरी काय करणार, चहा पिऊन गेला. इकडं मी दोरीवर गोल गोल फिरतच होते.

शेवटी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, 1915. मराठीत बोलता येतं. बिल, जाहिरातीतलं माप, टेपचा फोटो आणि ते अमर चॅट, सगळं जोडलं, डॉकेट नंबर घेतला. त्यानंतर विक्रेत्याकडून आपणहून फोन आला, "मॅडम, गैरसमज झाला." गैरसमज! बदली बिट आलं, आतून 127. तुम्ही मागवणार असाल तर पैसे भरण्याआधीच "कड्यांच्या आतून माप किती?" हे लेखी विचारून ठेवा. आणि पार्सल उघडताना व्हिडिओ काढा.

माल हातात आला की जुन्या ओढणीनं सांधे पुसून बघायचे. धागा अडकला तर तिथं कूस आहे, परत पाठवा. खरं तर या सगळ्याच्याही आधी पशुवैद्याला दात दाखवायचे, हे सांगायचं राहिलंच. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा झिजत झिजत धारदार होतात, गाल कापतात, आणि आपण दोष देतो बिटला. बिजलीच्या दाढा कानशीनं घासून घेतल्या होत्या.

आता भीतीचं. घोडीवर चढायच्या आधी माझे तळहात ओले व्हायचे. सरांनी त्यावर औषध म्हणून आधी खरारा करायला लावला. मानेपासून मागं, हात चालला की श्वासही आपोआप लांब होतो, आणि ती शेपटी कशी हलवते, कान कुठं वळवते तेही कळतं. मामा एकदा म्हणाले, "ती गपगार हाय ताई, तुमीच वळवळ करालाय." थंडीत बिट तळहातात धरून कोमट करायचं, मग तोंडात. ओठाच्या कोपऱ्याशी एखादी सुरकुती दिसली की बसलं नीट.

दचकलं की माणूस हाताला येईल ते ओढतो, आणि हातात लगाम असतो. म्हणून बिजलीच्या मानेत एक पट्टा बांधलाय, चप्पल लाईनीतल्या कारागिरानं जुन्या चामड्यातून शिवून दिलेला. घाबरलात तर पट्टा धरा, लगाम नाही. दुडकी चाल सुरू झाली की सर पाढे म्हणायला लावतात, मोठ्यानं, कारण बोलताना श्वास कोंडून ठेवता येत नाही. मला एकोणतीसचा दिला. लगाम हातात मिळाला त्या सकाळी मी एकोणतीस साते एकशे त्र्याण्णव म्हटलं, सर लांबून ओरडले, "दोनशे तीन!", मी हसले आणि खांदे खाली आले. बिजली तोंड मिटून, बिट चघळत, आरामात वळली.

बूट टाचेचे घाला, म्हणजे पाय रिकिबीतून पुढं घसरत नाही. आणि क्लासच्या आधी मिसळ खाऊ नका. नंतर बावड्यात थांबून खा, जास्तीच्या कटासकट.