हिंगाचा डबा

वीस फुटी कंटेनरमध्ये शिरायचं. हेल्पर बाहेरून दोन्ही दारं ओढून घेतो आणि आत काळोखात डोळे सरावेपर्यंत मी नुसता उभा राहतो. मग आधी छताकडे बघायचं, मग कोपऱ्यांत, मग दाराच्या रबराच्या कडेकडेने. पत्र्याला टाचणीएवढं भोक असलं तरी उन्हाची बारीक तिरीप आत येते. याला आम्ही लाइट टेस्ट म्हणतो. उरणजवळच्या द्रोणागिरीकडच्या यार्डांत गेली २२ वर्षं मी हेच करतोय. मे महिन्यात दुपारी दोनला आत उभं राहून बघा, भट्टी परवडली. नवीन पोरगा कामाला आला की दारं लावून चहाला निघून जायची मस्करी पूर्वी चालायची. एकदा एक जण आतच भोवळ येऊन पडला, तेव्हापासून बंद झाली.

बंदरात नोकरी म्हटलं की लोकांना समुद्र दिसतो, जहाजं दिसतात. माझं घर न्हावा-शेव्याच्या बंदरावर चालतं, पण महिना महिना मला जहाज दिसत नाही. लांबवर क्रेनच्या माना दिसतात तेवढ्याच. माझं बंदर म्हणजे पाच-सहा डब्यांच्या (कंटेनरला आम्ही डबाच म्हणतो) थप्प्या, डबे उचलणाऱ्या रीच स्टॅकरचा पीं-पीं आवाज, वेल्डिंगच्या ठिणग्या आणि गेटबाहेर ट्रेलरच्या सावलीत स्टोव्ह पेटवून बसलेले ड्रायव्हर.

रिकाम्या डब्यांचं एवढं काय, असं मला पाहुणे विचारतात. काय आहे, माल उतरला की डबा रिकामा होतो, आणि तो असतो शिपिंग लाइनचा. ठरलेल्या दिवसांत परत केला नाही तर रोजच्या हिशोबाने डिटेन्शन, म्हणजे उशिराचा आकार, चढतं. म्हणून ट्रेलरवाला धावत यार्डात येतो. तिथे मी डबा तपासतो: पोचा किती, चिरा किती, तळाचं प्लायवूड कुठे फुटलंय. हे प्लायवूड २८ मिलिमीटर जाड असतं. पण जड फोर्कलिफ्ट आत नाचवली की तेही उसासतं. मग ईआयआर, म्हणजे डबा कुठल्या स्थितीत आला त्याची पावती, फाटते, दुरुस्तीचं एस्टिमेट निघतं, ट्रेलरवाला माझ्याशी भांडतो. डबा दुरुस्त झाला की दुसऱ्याच कुणाचा तरी माल भरायला निघतो. या बंदरातून वर्षाला ७० लाखांच्या वर टीईयूची ये-जा होते. एक टीईयू म्हणजे एक वीस फुटी. त्यातल्या किती डब्यांत मी काळोखात उभा राहिलो असेन याचा हिशोब मी ठेवलेला नाही.

प्रत्येक डब्याला नाव असतं: चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीतला एक आकडा. तो चौकटीतला आकडा आधीच्या दहांवरून काढलेला असतो. अक्षरांना किंमत द्यायची, प्रत्येक जागेला दुपटीने वाढत जाणाऱ्या संख्येने गुणायचं, बेरजेला ११ ने भागायचं, बाकी उरते ती तिथे लिहायची. दहा उरले तर शून्य. गेटवरच्या पोराने एक आकडा चुकवला की कॉम्प्युटर लगेच अडतो. माझी मुलगी नववीत असताना मी तिला पाच-सहा नंबर सोडवायला दिले होते. तिने सोडवले आणि म्हणाली, बाबा, तुमच्या नोकरीत एवढी एकच मजेशीर गोष्ट आहे.

तिने वास घेतलेला नाही म्हणून. दार उघडल्यावर पहिल्या दोन सेकंदांत जो वास येतो तो खरा. त्यानंतर नाक मरतं. भंगार आलं असेल तर गंजासारखा ओला तेलकट वास, कच्च्या कातड्यांचा तर पोटातून वर येणारा. खजुराचा डबा गोड लागतो आणि माश्या पाठ सोडत नाहीत. रबराचा वास डोक्यात बसतो. हिंगाच्या पुढे मात्र हे सगळं काहीच नाही. अफगाणिस्तान-इराणकडचा कच्चा हिंग ज्या डब्यातून आला, तो साबणाने धुतला, दारं उघडी टाकून आठवडाभर वाळवला, तळावर कॉफीची पूड पसरून ठेवली, तरी तो आपला आहेच. अशा डब्याला फूड ग्रेडचा शिक्का मी देत नाही. पुढच्या माणसाने त्यात चहा भरला तर? बुकिंगवाले फोन करून गळ घालतात, डबे कमी आहेत, सोडा की. २०२१ मध्ये डब्यांची टंचाई होती तेव्हा तर रोज फोन. एरवी जे डबे भंगारात गेले असते त्यांना त्या वर्षी पॅचवर पॅच मारले गेले.

आणि पॅचनेच माझा घात केला. जुलै महिना, आभाळ भरलेलं. ऊन नसलं की लाइट टेस्ट म्हणजे नुसती कवायत. हेल्परने छोटी बॅटरी घेऊन बाहेरून एक फेरी मारली, मला काही दिसलं नाही, मी डबा पास केला. त्यात सांगलीकडची हळद गेली. दीड महिन्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आले: वरच्या थरातली पोती भिजून दगड झालेली. मी पहिल्याच दमात म्हणालो, घाम असणार. डब्याला घाम येतो, ही काही पळवाट नव्हे. आतला ओलावा थंड छताला लागतो आणि थेंब थेंब मालावर गळतो. पण तिकडच्या सर्व्हेअरने भिंतीवरच्या ओघळावर सिल्व्हर नायट्रेट टाकलं होतं. पाणी गोडं असेल तर काही होत नाही, खारं असेल तर दुधासारखं पांढरं होतं. पुढचा फोटो त्या पांढऱ्या ओघळाचा होता. घाम खारट नसतो, म्हणजे डब्याचा नसतो. छताच्या जुन्या पॅचच्या वेल्डिंगमध्ये भोक राहिलं होतं, रंगाने झाकलेलं. रंग समुद्रात उडाला. मला लेखी समज मिळाली, ती रास्तच होती. आता पावसाळ्यात मी हेल्परला मोठा हॅलोजन घेऊन फिरवतो आणि त्याची बडबड ऐकून घेतो.

तो पॅच तपासून परत मारणारा आमचा वेल्डर जासईकडचा. हे बंदर २६ मे १९८९ ला सुरू झालं, पण त्याच्या घरी तारीख सांगतात ती जानेवारी १९८४ ची. १६ आणि १७ तारखेला दिबांच्या, म्हणजे शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या, मागे माणसं जमिनीसाठी रस्त्यावर आली, गोळीबार झाला, पाच जण गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं धोरण त्या लढ्यातून आलं. आपलं शेत कुठे होतं हे तो मला एकदा थप्प्यांच्या रांगा मोजत दाखवत होता. तिसऱ्या रांगेपाशी थांबला, मग म्हणाला, नाय, चौथी. त्यावर मी काय बोलणार होतो?

माझे वडील मुंबईच्या डॉकातले. इंदिरा डॉकला टोळीत होते, हातात लोखंडी हूक. पोत्यात हूक मारायचा, पाठीवर घ्यायचं. युरिया, गंधक, कागदाचे रीळ, सगळं त्यांच्या अंगावरून गेलंय. खाडीपलीकडे बंदर झालं, डबे आले, तसं त्यांच्या टोळीचं काम आटत गेलं. लालबागची खोली सोडून आम्ही नेरूळला आलो. मी या लाइनीत आलो तेव्हा ते चार दिवस माझ्याशी धड बोलले नव्हते. त्यांचा हूक अजून दाराच्या मागे खिळ्याला आहे, आई त्याला छत्री अडकवते.

मागच्या गुरुवारी दोन डबे हिंगाचे आले. उरणच्या लोकलमध्ये माझ्या शेजारची सीट नेरूळपर्यंत रिकामी राहिली, ही त्या लोकलमध्ये दुर्मीळ गोष्ट. बायकोने मला दारातच अडवलं, शर्ट बाहेर गॅलरीत टाकायला लावला. वडील तिथेच खुर्चीत बसलेले. ८० च्या घरात आहेत, डोळ्यांना कमी दिसतं. शर्ट वाऱ्याने हलला तशी त्यांनी मान वर केली.

"हिंग," ते म्हणाले. "आमच्या वेळी कातड्याच्या थैल्यांतून यायचा. हाताला आठ-आठ दिवस वास. तुझी आई ताटाला शिवू द्यायची नाही."

मी हसलो. ते शर्टाकडेच बघत होते.

"किती नग होते?"

"बाबा, डबा रिकामा होता."

"बरं," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "पण भरताना किती असतील?"